रेनेसाँ फेअरमध्ये त्या काळचं रोजचं जगणं नेमकं कुठे सापडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. भारतातून सासू-सासरे आलेत, मुलगी नऊ वर्षांची आहे. ब्रिस्टल रेनेसाँ फेअरला जायचा विचार आहे. तिथे त्या काळची माणसं कशी जगायची ते खरंच कळतं, की नुसता वेषभूषेचा आणि खाण्यापिण्याचा बाजार असतो? कुठे थांबावं, लोकांशी कसं बोलावं आणि आपण काय घालावं?"

कळतं, पण मुख्य रस्त्यावर नाही. तिथे परीचे पंख, लाकडी तलवारी, चाचे, टर्कीची तंगडी आणि दर पन्नास पावलांवर एक रंगमंच सापडेल. त्यातही मजा आहे, नाक मुरडण्याचं कारण नाही. मात्र तुम्ही विचारताय ते रोजचं जगणं आडबाजूला, स्वयंसेवकांच्या गटांनी मांडलेल्या घरांत असतं. अशाच गटांत मी बरीच वर्षं चूल, कताई आणि धुणं सांभाळते आहे. त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे असं समजूनच वाचा. माझं म्हणणं एवढंच, की जिथे कुणी हातानं काम करतंय तिथे बसा, आणि सगळा मेळा पालथा घालण्यापेक्षा अशा एका जागी तासभर द्या.

आधी हा मेळा आहे तरी काय, ते सांगते. इलिनॉय-विस्कॉन्सिनच्या सीमेला लागून, केनोशाजवळ तो भरतो आणि तिथे साल धरलंय १५७४. पहिली एलिझाबेथ राणी त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात खरोखरच आली होती. स्पेनबरोबरचा एक करारही तिथेच झाला. शहरानं तिच्यापुढे तीन दिवस लुटुपुटीची लढाई चालवली आणि टॉमस चर्चयार्ड नावाच्या कवीनं त्या सोहळ्यासाठी काव्य रचलं. म्हणजे राणी, मिरवणूक, तोफा, भाट हे सगळं या मेळ्याच्या कल्पनेत शोभणारंच आहे. वायकिंग, परी आणि जादूगार मागाहून शिरले.

अमेरिकेतले हे मेळे मुळात संग्रहालयाच्या पोटातून आलेले नाहीत. पहिला मेळा मे १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला भरला, केपीएफके या रेडिओ केंद्रासाठी निधी जमवायला. तो उभा करणाऱ्या फिलिस पॅटरसन पेशानं शिक्षिका होत्या, घराच्या अंगणात मुलांची नाटकं बसवायच्या. नाटक हे या मेळ्यांचं मूळ. याउलट इंग्लंडमध्ये सफोकला केंटवेल हॉल नावाचा जुना वाडा आहे. तिथे १९७९ पासून स्वयंसेवक ट्यूडर राजघराण्याच्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकाच्या, काळातलं एकेक वर्ष धरून तसं राहून दाखवतात आणि तिथे सगळा भर कामावर असतो. तुम्ही पहिल्या प्रकाराच्या जागी चालला आहात. दुसऱ्या प्रकारातलं काही तिथे मिळालं तर ते शोधून घ्यावं लागेल.

आता कपडे, कारण पहिला फरक तिथेच ओळखता येतो. समोरच्या बाईनं काय घातलंय ते आतून बाहेर बघा. अंगालगत लिननचा सैल झगा, त्याला स्मॉक म्हणतात. त्यावर लोकरीचा कर्टल, म्हणजे छातीशी घट्ट बांधलेला लांब पोशाख. त्यावर एप्रन, डोक्यावर लिननची टोपी. लोकर क्वचितच धुतली जाई. ती झटकायची, ब्रशनं घासायची. धुतला जाई तो आतला स्मॉक, कारण घाम तो पितो. त्या काळची स्वच्छता या लिननवर उभी होती. पूर्ण अंघोळ कमी, पण हात-तोंड धुणं रोजचं, आणि अंग खरखरीत लिननच्या फडक्यानं घासून काढायचं. "मग वास नाही यायचा?" हा प्रश्न मला दर शनिवार-रविवारी येतो. जुलैच्या उन्हात दिवसभर चुलीपाशी लिनन-लोकरीत उभी राहणारी मी आणि पॉलिस्टरचा गाऊन घातलेली पाहुणी, आम्हा दोघींना संध्याकाळी शेजारी उभं करा आणि उत्तर स्वतःच शोधा.

लोकरीचं आणखी एक कारण आहे. ठिणगी पडली तर लोकर धुमसते, भोक पडून विझते. सुती कापड भडकतं आणि कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. म्हणून मेळ्यातल्या खऱ्या चुलीजवळ नायलॉनच्या घागऱ्यात कुणालाही आम्ही येऊ देत नाही. तुमच्या मुलीला परीचा झगा घालणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

बाह्या बघा. बऱ्याचदा त्या शिवलेल्या नसतात, खांद्याशी नाड्यांनी बांधलेल्या असतात. काम करताना काढून ठेवायच्या, बाजाराला किंवा चर्चला जाताना बांधायच्या. छातीवरची नाडी बघा. बुटाच्या नाडीसारख्या दोन्ही बाजूंनी फुल्या पडलेल्या दिसल्या तर तो आजच्या दुकानातला माल. त्या काळी बहुतेक एकच नाडी एका टोकाला गाठ मारून नागमोडी ओवत नेत. केस तर नक्कीच बघा. लग्न झालेली बाई डोकं उघडं ठेवून चारचौघांत फिरत नसे. गटातली अनुभवी बाई टोपीखाली केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळून, त्यावर टोपी शिवून किंवा टाचून बसवते. मेळ्यात खांद्यावरून उतरलेला पांढरा ब्लाउज, वर बाहेरून घातलेली घट्ट चोळी आणि मोकळे केस अशा पोशाखात शेकडो जणी दिसतील. तो आता या मेळ्यांचा स्वतःचा रिवाज झालाय, साठ वर्षांचा. सोळाव्या शतकाशी त्याचं नातं लांबचं.

पुरुषांच्या डोक्यावरच्या चपट्या लोकरी टोपीमागे तर कायदा होता. १५७१ च्या कायद्यानं सहा वर्षांवरच्या सगळ्या सामान्य लोकांना रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडात विणलेली लोकरी टोपी घालणं सक्तीचं केलं होतं. टोपीवाल्यांचा धंदा टिकावा म्हणून. १५९७ मध्ये तो रद्द झाला. म्हणजे १५७४ च्या ब्रिस्टलमधला कारागीर ती टोपी हौसेनं घालत होता की दंडाच्या धाकानं, असं सासऱ्यांनी एखाद्या टोपीवाल्याला जरूर विचारावं. चांगल्या तयारीचा माणूस असेल तर त्याची कळी खुलेल. आणि दरबाऱ्यांच्या गळ्यातल्या त्या चाकासारख्या चुणीदार कॉलरना कडकपणा येतो खळीनं. कपड्याला खळ करण्याची ती विद्या लंडनला शिकवली फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमकडून) १५६४ मध्ये आलेल्या डिंगेन व्हान डर प्लास या बाईनं. शिकवणीचे चार-पाच पाउंड घ्यायची आणि खळ कशी शिजवायची ते सांगायचे वेगळे वीस शिलिंग, म्हणजे आणखी एक पाउंड. त्या वेळी मजुराला दिवसाला सहा-आठ पेन्सच्या आसपास मिळत आणि पाउंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

धुण्याकडे येते, कारण भारतातून आलेल्या ज्येष्ठ बायका तिथे जितक्या रमतात तितक्या जूस्टिंगच्या, म्हणजे घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याच्या, मैदानावर रमत नाहीत. सगळ्याच मेळ्यांत धुणं मांडलेलं नसतं, पण असलं तर सोडू नका. तळाशी भोक असलेलं लाकडी पिंप असतं. त्यात मळके लिननचे कपडे घड्या करून थरावर थर रचायचे. वर एक जाड फडकं पसरायचं आणि त्यावर चाळलेली राख. राखेवर गरम पाणी ओतायचं. ते राखेतून, मग कपड्यांच्या थरांतून झिरपत खाली येतं, तळच्या भोकातून बादलीत पडतं. तेच पाणी पुन्हा तापवायचं, पुन्हा ओतायचं. मोठं धुणं असेल तर हे दिवसभर चालतं. साबण लागत नाही, साबण महाग होता. राखेच्या पाण्यात बोटं बुडवून एकमेकांवर घासली की बुळबुळीत लागतात, कारण तो क्षार तुमच्याच कातडीवरच्या तेलाचा साबण करत असतो. म्हणून आमच्याकडे लगेच साध्या पाण्यानं हात धुवायला लावतात. त्यानंतर कपडे वाहत्या पाण्यावर धोपटण्यानं बडवायचे आणि गवतावर किंवा कुंपणाच्या झुडपांवर उन्हात पसरायचे. उन्हानं लिनन पांढरं पडत जातं.

पाहुण्यांपैकी बहुतेक जण यावर "वॉव" म्हणून पुढे जातात. गावाकडे दिवस काढलेल्या आजीबाई मात्र थांबून विचारतात, राख कोणत्या लाकडाची? हा या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. ओक, बीच, सफरचंद अशा टणक लाकडाची लागते. पाइनच्या राखेत तो जोर नसतो आणि चिकटपणा येतो. तुमच्या सासूबाईंना इंग्रजीची अडचण असेल तर तुम्ही दुभाष्या व्हा, पण प्रश्न त्यांना विचारू द्या.

कताईचंही तेच. टकळी सासऱ्यांच्या पिढीनं शाळेत फिरवलेली असते. इथे ती लोकरीवर चालते, लोंबती, चालता-बोलता. डाव्या बगलेत एक काठी, तिला पिंजलेल्या लोकरीचा गुंडाळा, उजव्या हातानं टकळीला गिरकी. इंग्लंडची दौलत त्या काळी लोकरीच्या कापडावर होती आणि एका विणकराचा माग चालू ठेवायला कितीतरी कातणाऱ्या लागत. म्हणून बाई बाजाराला जाताना, शेजारणीशी बोलताना, मुलाला झोका देताना कातत असे. एक बारीक गोष्ट तपासायची असेल तर चरखा बघा. पायानं चालवायचा छोटा, नक्षीदार चरखा बऱ्याच ठिकाणी मांडलेला असतो, दिसतो सुरेख. पण १५७४ च्या इंग्लंडमधल्या साध्या घरात असेल तर मोठ्या चाकाचा, उभ्यानं हातानं फिरवायचा चरखा. तो युरोपात पूर्वेकडून गेला असं मानतात. पायानं चालवायचा पुढच्या काळात रुळला. दोष काढायला नव्हे, पण असं काही दिसलं की कातणारीला विचारा. जाणकार असेल तर ती स्वतःच सांगेल की हा चरखा शंभर वर्षं पुढचा आहे, पण माझ्या गुडघ्यांना तोच झेपतो.

कामाच्या तासांबद्दल एक गोष्ट मी पाहुण्यांना हमखास सांगते. १५६३ च्या कायद्यानं मजुरांचे तास ठरवून दिले होते. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पहाटे पाचला कामावर हजर, संध्याकाळी सात-आठपर्यंत काम. मध्ये खाण्यापिण्याला आणि विश्रांतीला मिळून जास्तीत जास्त अडीच तास. तासभर दांडी मारली तर एक पेनी कापायची. पण त्याच कायद्यात मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारी अर्धा तास झोपायची मुभा लिहिलेली आहे. वामकुक्षी, कायद्यानं! सासरेबुवा हे ऐकून खूश होतील, आणि मेळ्यात दुपारी दोन वाजता झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन पडलेला शेतमजूर दिसला तर तो आळशी नट नाही, अभ्यास करून आलेला आहे.

जेवण. दिवसाचं मुख्य जेवण सकाळी अकरा-बाराला, रात्रीचं पाच-सहाला. गरिबाच्या चुलीवर तीन पायांच्या लोखंडी किंवा पितळी भांड्यात पॉटेज: जव किंवा ओट, वाटाणे, कांदा, कोबी, अंगणातला पाला, जमलं तर डुकराच्या मांसाचा तुकडा. भांडं दिवसभर मंद आचेवर. आच कमी-जास्त करायची म्हणजे निखारे ओढायचे किंवा सारायचे, भांडं हलवायचं नाही. पाव पिठाप्रमाणे माणसाची पायरी सांगे. श्रीमंताला पांढरा मँचेट, खाली गहू आणि राय नावाचं धान्य एकत्र दळलेला, आणखी खाली जवाचा, आणि टंचाईत वाटाण्याचा. पावाची किंमत कायद्यानं पेनी-अर्धा पेनी अशी बांधलेली, गहू महागला की वजन कमी होई. बुधवार, शुक्रवार आणि शनिवार मांसाला बंदी, मासे खायचे. यातला बुधवार १५६३ मध्ये वाढवलेला, धर्मासाठी नव्हे तर मच्छीमार आणि जहाजं टिकावीत, आरमाराला खलाशी मिळावेत म्हणून. मेळा शनिवारी-रविवारी असतो, त्यामुळे शनिवारी गेलात तर आमच्या गटातल्या हट्टी बायका चुलीवर मासाच लावतात.

तळटीप म्हणून टर्कीची तंगडी: टर्की अमेरिकेतला पक्षी, इंग्लंडात सोळाव्या शतकात पोचला, आणि श्रीमंताच्या ताटात दिसे. मेळ्यातली तंगडी मिठाच्या पाण्यात मुरवून धुरावर शिजवलेली असते, म्हणून ती आतून गुलाबी आणि चवीला हॅमसारखी लागते. कच्ची राहिली म्हणून परत करू नका. मक्याचं कणीस आणि बटाटाही १५७४ च्या ब्रिस्टलकराच्या रोजच्या खाण्यातले नव्हेत, पण सासूबाई शाकाहारी असतील तर तेच पोटाला आधार. हातानं जेवा, बिनधास्त. काटा इटलीत होता, इंग्लंडात जेवायला कुणी वापरत नसे. स्वतःची सुरी, एक चमचा आणि बोटं. म्हणून जेवणाआधी तस्त आणि तांब्या घेऊन हातावर पाणी घालायची पद्धत होती आणि रुमाल डाव्या खांद्यावर टाकलेला असे. आमच्या गटाचं जेवण चालू असताना ते बघायला जरूर या. खाणं बघून चाखायला मागू मात्र नका, तिथल्या आरोग्य खात्याच्या नियमांमुळे आम्ही ते पाहुण्यांना देऊ शकत नाही.

रीतिरिवाजांत एक दृश्य मुलीला आवडेल. मुलं सकाळ-संध्याकाळ आईबापांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागत, आणि आईबाप डोक्यावर हात ठेवून तो देत. एखाद्या गटात मुलं असली तर हे बघायला मिळतं. आपल्याकडच्या नमस्काराची सवय असलेल्या मुलीला तो करून बघायला सांगावं लागणार नाही. मोठ्या माणसापुढे पुरुष टोपी काढतो आणि गुडघा मोडून वाकतो. मानानं वरच्याशी आणि खालच्याशी बोलताना संबोधन बदलतं. मराठी माणसाला यातलं काही नवं नाही, अमेरिकन पाहुण्यांना मात्र ते समजवावं लागतं. राणीची मिरवणूक आली की टोप्या उतरतात, लोक वाकतात, "गॉड सेव्ह युवर ग्रेस" असं ओरडतात. तुम्हीही ओरडा. इथे प्रेक्षक आणि पात्र यांत दोरी नसते, हे या मेळ्यांचं खरं बळ आहे.

बोलायचं कसं? आम्ही बहुतेक जण पात्रात असतो. "हे खरं आहे का?" किंवा "तुम्हाला उकडत नाही का?" असं विचारलंत तर पात्र गोंधळल्याचं सोंग घेईल आणि गंमत करून तुम्हाला वाटेला लावेल. पात्राला पात्राचेच प्रश्न विचारा. आज पहाटे उठल्यावर पहिलं काम काय केलंत? मीठ कुठून आणता? हे सूत कोण विकत घेतं? मुलाला शाळेत घालणार की कामाला? रविवारी चर्चला गेला नाहीत तर? (बारा पेन्स दंड, १५५९ च्या कायद्यानं. म्हणजे मजुराची दिवसाहून जास्त कमाई.) असे प्रश्न ऐकले की समोरच्याला कळतं, हा माणूस वेळ द्यायला आलाय. मग तो हातातलं काम तुमच्याकडे देतो. आणि सरळ अभ्यासाचंच बोलायचं असेल तर हळूच म्हणा, "हे शिकलात कुठे?" निम्मे लोक पात्र बाजूला ठेवून अर्धा तास बोलतील, आवरावं लागेल.

मुलीसाठी परीच्या दुकानापेक्षा खेळांची चटई शोधा. तिथे तीन चौकोन एकात एक काढलेले, मधल्या रेघांनी जोडलेले दिसतील, दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. इंग्लंडात हा खेळ कॅथीड्रलांच्या दगडी बाकांवर कोरलेला सापडतो. आपल्याकडे ती नवकंकरी, महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या दगडी ओट्यांवर कोरलेली. सासऱ्यांना ठाऊक असेल तर नातीला आणि चटईवरच्या मुलाला दोघांनाही हरवतील. शेजारी मेंढीच्या घोट्याची हाडं टाकून-झेलून खेळायचा खेळ असतो, सागरगोटे येणाऱ्या सासूबाईंना त्याचे नियम सांगायची गरज नाही. मुलाच्या वेशाबद्दल एक: लहान मुलगे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मुलींसारखाच झगा घालत, मग समारंभानं विजार चढायची. झग्यातलं मूल दिसलं की मुलगीच असं धरून चालू नका.

जूस्टिंगबद्दल लांबण लावत नाही. घोडे उत्तम असतात, स्वारही कसलेले. पण एलिझाबेथच्या काळात भाल्यांची झुंज हा दरबारी देखावा झाला होता, दर १७ नोव्हेंबरला राणीच्या राज्यारोहणाच्या वाढदिवशी लंडनला होणारा. गावच्या माणसाच्या रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध नाही. धोका मात्र खरा होता. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ मध्ये अशाच झुंजीत डोळ्यात भाल्याची कपची घुसून मेला. बघा, टाळ्या वाजवा, परत या.

आता तुमचा शेवटचा आणि सगळ्यात नाजूक प्रश्न, आपण काय घालावं. "आपला सावळा चेहरा तिथे कसा शोभेल" असं मला कितीतरी मराठी मैत्रिणी विचारतात. ट्यूडर इंग्लंड गोऱ्यांचंच होतं ही समजूत आधी काढून टाका. आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा काळा तुतारीवाला पगारावर होता, १५११ च्या दरबारी चित्रांच्या गुंडाळीत त्याचं चित्र आहे. खुद्द ब्रिस्टलमध्ये १५७७ साली मार्टिन फ्रॉबिशरनं उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ किनाऱ्यावरून पकडून आणलेला एक इन्युइट पुरुष, एक बाई आणि तिचं मूल उतरवलं. पुरुषानं नदीत होडी चालवून बदकं मारून दाखवली, शहर बघायला लोटलं. काही आठवड्यांत तो मेला, बाईही मेली. बाळ लंडनला नेलं, तेही गेलं. मेळ्यात हा प्रसंग कुणी मांडत नाही आणि मांडूही नये, पण ते शहर तेव्हा जगाला कसं भेटत होतं हे माहीत असावं. लंडनमध्ये १६१६ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडून आणलेल्या एका भारतीय मुलाचा बाप्तिस्मा झाला, नाव ठेवलं पीटर.

उलट दिशेनं गेलेला माणूस तर आपल्याला जवळचा. ब्रिस्टलपासून फार दूर नसलेल्या विल्टशरचा थॉमस स्टीफन्स १५७४ ला पंचविशीच्या आसपास होता. कॅथलिक असल्यानं त्यानं देश सोडला, रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. पुढे त्यानं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली ते छापलं गेलं. मेळ्यात जे जगणं मांडलेलं असतं त्यात वाढलेला हा माणूस. मी एकदा चुलीपाशी बसलेल्या एका मराठी कुटुंबाला हे सांगितलं तर त्यातल्या आजोबांनी पुढचा तासभर स्टीफन्सवरच काढला, पॉटेज करपलं.

तेव्हा दोन वाटा आहेत. एक, इंग्रजी वेष, साधा: लांब बाह्यांचा पांढरा सुती किंवा लिननचा कुडता, गडद एकरंगी लोकरीचा किंवा जाड सुती घागरा, एप्रन, डोक्याला पांढरं फडकं. जांभळं नको, तो रंग आणि जरीचं कापड वरच्यांसाठी राखून ठेवणारे आदेश १५७४ मध्येच पुन्हा बजावले होते. दोन, आपला स्वतःचा सोळाव्या शतकाचा वेष. हे मला जास्त आवडतं, पण काळ सांभाळा. नथ, चंद्रकोर, पेशवाई पगडी, रुंद जरीकाठी नऊवारी असा गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचा थाट दोनशे वर्षं पुढचा. १५७४ च्या सुमारास पैठणला एकनाथ महाराज होते, अहमदनगरला निजामशाही होती, आणि चांदबिबीनं नगरचा किल्ला लढवला तो १५९५-९६ ला. त्या काळच्या साध्या माणसाचं म्हणाल तर धोतर, अंगावर उपरणं, डोक्याला साधं मुंडासं आणि बाईसाठी कासोट्याचं सुती लुगडं, डोक्यावर पदर. सासूबाईंच्या ट्रंकेत तसलं लुगडं असेल तर इथे मेळ्यात घालतात त्या निम्म्या वेशांहून ते इतिहासाला जवळ जाईल. कुणी विचारलं तर सांगा, गोव्याहून पोर्तुगीज जहाजानं लिस्बनमार्गे मिरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याबरोबर आलो. त्या काळी युरोपची बरीचशी मिरी त्याच वाटेनं यायची, आणि पात्रांना तुमच्याशी बोलायला निमित्त मिळेल. वेष न घालता गेलात तरी कुणी काही म्हणत नाही, अर्ध्याहून जास्त लोक टी-शर्टातच असतात. आणि हो, आतली मंडळी वेषाला "कॉस्च्युम" म्हणत नाहीत, "गार्ब" म्हणतात. असा वेष घालून तिकीट काढून येणाऱ्याला "प्लेट्रन".

काही व्यवहाराचं. मेळा जुलैपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) शनिवार-रविवारी असतो. दार उघडताच आत शिरा आणि उलट्या क्रमानं फिरा: सगळे आधी रंगमंचांकडे पळतात, तुम्ही आधी गटांच्या घरांकडे जा. सकाळी चूल पेटते, पीठ मळलं जातं, धुण्याचं पाणी तापतं आणि माणसं ताजी असतात. दुपारी तीननंतर आम्ही थकलेलो असतो आणि तेच उत्तर शंभराव्यांदा देत असतो. दारावर मिळणाऱ्या नकाशात दुकानं आणि रंगमंच ठळक असतात, गटांच्या जागा बारीक अक्षरात, त्या आधी खूण करून ठेवा. पायवाटा मातीच्या आणि खडीच्या आहेत, सासू-सासऱ्यांना चपलेऐवजी बूट घालायला लावा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. खरं पातं कमरेला असेल तर ते म्यानात बांधून ठेवावं लागतं, दारावर तपासतात. लाकडी तलवार मुलीला घ्यायची असेल तर ती शेवटी घ्या, नाहीतर दिवसभर तुम्हीच वागवाल. कामाच्या जागी काही उचलण्याआधी विचारा, फोटोही विचारून काढा. आणि कुणी मुलीच्या हातात लोकर आणि टकळी दिली तर पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली म्हणून ओढून नेऊ नका. पहिला धागा तुटतो, दुसरा तुटतो, दहाव्या मिनिटाला हात बसतो, आणि शेजारी बसलेली बाई तोवर आपणहून बोलायला लागते.